बेळगावचे सायकलवाले लक्ष्मणराव



शाळेच्या आठवणी, सहली आणि स्नेहसंमेलनातल्या फजित्या लिहिणारे आपल्या तुकडीत पुष्कळ आहेत. संपादक मंडळाने माझ्या वाट्याला ‘आपल्या परिसरातील थोर व्यक्ती’ हा विषय दिला. मी लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांच्यावर लिहायचं ठरवलं. आपल्यापैकी निम्म्या जणांनी सांगलीला कॉलेजला जाताना पॅसेंजरच्या खिडकीतून किर्लोस्करवाडीची पाटी रोज वाचली आहे. लक्ष्मणराव म्हणजे लोखंडी नांगर, एवढं आपल्याला शाळेपासून पाठ आहे. पण नांगराआधी ते सायकली विकत होते, आणि त्याही मुंबईत नव्हे, बेळगावसारख्या तेव्हाच्या लहानशा गावात. मला त्यांच्या आयुष्याचा हा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. पुढच्या सगळ्या कामाची रीत त्या दुकानात घडली, असं माझं मत आहे.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. संगीत नाटकाचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर याच गावचे. लक्ष्मणरावांचं मन शाळेत रमलं नाही. पाठांतराचा त्यांना कंटाळा होता, पण चित्रं काढणं आणि यंत्रं उघडून पाहणं या दोन गोष्टींत ते तहानभूक विसरत. चित्रकला शिकायला मुंबईला जायचं म्हटल्यावर वडिलांना ते पटलं नाही. थोरले बंधू रामूअण्णा पाठीशी उभे राहिले, त्यांनी खर्चाचा भार उचलला आणि १८८५ साली लक्ष्मणराव जे. जे. कलाशाळेत दाखल झाले.

तिथे दोनेक वर्षांत एक गोष्ट उघड झाली. त्यांना काही रंगांतला फरक नीट कळत नव्हता. ज्यासाठी घरच्यांचा विरोध पत्करून आलो, त्यासाठी लागणारी दृष्टीच आपल्याला नाही, हे अठराएक वर्षांच्या मुलाला समजणं म्हणजे काय असेल, याची कल्पना करून बघा. रंगकाम सोडणं भाग होतं. पण यंत्रांच्या आराखड्यांना रंग लागत नाही. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षी आम्हीही ड्रॉइंगच्या तासाला मोठ्या पाटावर कागद ताणून एखाद्या नटबोल्टची समोरून, वरून आणि बाजूने दिसणारी आकृती काढत असू. तिथे रेषा सरळ हवी, माप बिनचूक हवं आणि न दिसणारी बाजू डोक्यात उभी करता यायला हवी. लक्ष्मणरावांकडे हे सगळं होतं. त्यांनी यंत्ररेखनाचा अभ्यास चालू ठेवला आणि त्याच बळावर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, त्यांना यंत्ररेखनाचे साहाय्यक शिक्षक म्हणून नोकरी मिळाली. मोकळा वेळ आणि सुट्या ते तिथल्या कर्मशाळेत घालवत. यंत्र हाताने चालवणं, बिघडलेलं दुरुस्त करणं हे ते तिथे शिकले. पदवी त्यांच्याकडे कधीच नव्हती.

सायकल याच काळात त्यांच्या आयुष्यात आली. मुंबईच्या रस्त्यावर दोन चाकांवर तोल सांभाळत जाणारा माणूस पाहिला आणि त्या वाहनाने त्यांना ओढून घेतलं. रामूअण्णा बेळगावला होते. दोघा भावांनी मिळून धंदा सुरू केला. लक्ष्मणराव मुंबईत सायकली खरेदी करून बेळगावला पाठवत आणि रामूअण्णा त्या तिथे विकत. ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ हे नाव या दुकानाचं. १८८८ हे त्याच्या स्थापनेचं साल.

त्या काळी सायकल ही साहेबाची, संस्थानिकाची किंवा एखाद्या हौशी वकील-डॉक्टरची चैन होती. सर्वसामान्य माणसाला तिची किंमत परवडणारी नव्हती, आणि बेळगावात ती चालवता येणारी माणसं बोटावर मोजण्याइतकीच असणार. म्हणून रामूअण्णांनी विक्रीबरोबर शिकवणीही ठेवली. सायकल चालवायला शिकवण्याचे ते १५ रुपये घेत. ही रक्कम तेव्हा लहान नव्हती. ज्या गावात वस्तू नवी आहे तिथे ती देऊन मोकळं होता येत नाही. गिऱ्हाईक पडेल तेव्हा धरावं लागतं, आणि चाक वाकलं तर ते सरळ करणारा माणूसही दुकानातच असावा लागतो. आज मोटारींच्या दालनात विक्री, सुटे भाग आणि दुरुस्ती हे तीन विभाग एकाच छपराखाली दिसतात. या दोघा भावांनी गरजेपोटी तीच व्यवस्था बेळगावात उभी केली होती.

मुंबईची नोकरी लक्ष्मणरावांनी पुढे बरीच वर्षं केली. बढतीची वेळ आली तेव्हा त्यांचा हक्क डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला ती जागा दिली गेली. त्यांनी राजीनामा दिला आणि १८९७ साली मुंबई सोडून ते बेळगावला आले. वय अठ्ठावीस.

आपल्या तुकडीसाठी मला हे वळण फार मोलाचं वाटतं. आपल्या गावाकडून रस्ता पुण्याला, मुंबईला, बंगळूरला आणि तिथून पुढे परदेशात जातो. मी स्वतः त्याच रस्त्याने गेले. लक्ष्मणराव उलट दिशेने आले. त्यांचं हे येणं म्हणजे पराभवाने घरी परतणं नव्हतं. मोठ्या शहरात मिळालेलं ज्ञान लहान गावात नेलं तर तिथे कोणाच्या कामी येईल, हा प्रश्न त्यांनी बरोबर आणला होता.

सायकलींवर पोट भरलं असतं. पण दुसऱ्याने बनवलेली वस्तू विकण्यात लक्ष्मणरावांचं समाधान होईना. छोट्या जागेत थोडी यंत्रं घेऊन त्यांनी स्वतः वस्तू करायला सुरुवात केली. अमेरिकेतून येणारी यांत्रिक विषयांवरची मासिकं वाचायची, त्यातल्या आकृत्या समजून घ्यायच्या आणि आपल्याकडे मिळणाऱ्या मालात ते बसवून बघायचं, हीच त्यांची शाळा. आधी किरकोळ वस्तू झाल्या. मग कडबा कापण्याचं यंत्र आलं. बेळगाव भागातल्या शेतकऱ्याला ते चटकन कळलं, कारण अख्खा कडबा टाकला की जनावर अर्धा तुडवून वाया घालवतं, हे तो रोज बघत होता.

नांगराचं तसं झालं नाही. लाकडी नांगर जमीन चिरत जातो, पण माती उलटवत नाही. हरळी आणि कुंद्यासारख्या तणांची मुळं खोल राहतात आणि पुढच्या पावसात पुन्हा वर येतात. लोखंडी नांगराचा फाळ खोल जातो आणि त्यामागचा वळणदार पत्रा मातीची ढेकळं उलटी करून टाकतो. विलायती नांगर बाजारात होते. त्यांचा अभ्यास करून लक्ष्मणरावांनी १९०३ च्या सुमारास आपला नांगर बनवला. माल उत्तम होता, पण कोणी घेईना. लोखंडाने जमीन बाधते, तिच्यात विष उतरतं, असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिले नांगर जवळजवळ दोन वर्षं कारखान्यात पडून राहिले.

माझ्या कामात ही अवस्था ओळखीची आहे. बिनचूक चालणारी प्रणाली तयार असते आणि ज्यांच्यासाठी केली ती माणसं जुन्याच वहीत नोंद करत बसतात. अशा वेळी वापरणाऱ्याला अडाणी म्हणून मोकळं होणं सोपं असतं. पण शेतकऱ्याच्या बाजूने विचार केला तर त्याच्यापाशी एकच जमीन होती. ती बिघडली तर दुसरी कुठून आणणार? नवी वस्तू घेताना धोका त्याचा होता, कारखानदाराचा नव्हता. म्हणून नांगर रानात प्रत्यक्ष चालताना दिसावा लागला. एकाच्या शिवारात पीक चांगलं आलेलं शेजाऱ्याने पाहिलं, मग शेजारी आला. सायकल शिकवायला लागली होती तसाच नांगरही शिकवावा लागला. झिजलेला फाळ बदलून मिळेल, मोडलेला भाग वेळेवर हाती येईल, ही खात्री पटल्यावर मागणी वाढत गेली. त्यात स्वदेशीच्या चळवळीचे दिवस आले आणि देशी नांगराला त्याचंही बळ मिळालं.

कारखान्याचा जम बसत होता तोच नवं संकट आलं. बेळगाव शहराचा विस्तार होणार होता आणि त्यासाठी कारखान्याची जागा खाली करायची सूचना नगरपालिकेने दिली. लक्ष्मणराव तेव्हा चाळिशीत पोचले होते, म्हणजे आज आपण ज्या वयाचे आहोत त्याच वयाचे. पदरात संसार, अंगावर कामगारांची जबाबदारी, उचलून न्यायला जड यंत्रं आणि जायला जागा नाही.

औंध संस्थानाचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचा आणि त्यांचा स्नेह होता. बाळासाहेब स्वतः चित्रकार, सूर्यनमस्कारांचे पुरस्कर्ते आणि कलांचे चाहते. औंधला त्यांच्याकडचं बांधकाम लक्ष्मणरावांनी हाती घेतलं होतं. अडचण कळल्यावर बाळासाहेबांनी संस्थानात कुठेही जागा निवडायला सांगितली आणि १० हजार रुपये बिनव्याजी दिले. औंध संस्थान सलग नव्हतं, त्याचे तुकडे विखुरलेले होते. कुंडल हा असाच एक तुकडा. तिथल्या कुंडल रोड स्टेशनाजवळचा ३२ एकरांचा माळ लक्ष्मणरावांनी घेतला. बाकी जमीन नापीक होती, पण रेल्वे दाराशी होती. लोखंड आणायला आणि नांगर पाठवायला रेल्वे लागते. या निवडीत त्यांच्यातला व्यापारी आणि यांत्रिक दोघेही दिसतात.

१० मार्च १९१० हा किर्लोस्करवाडीचा स्थापनादिन. पंचवीसेक कामगार आणि त्यांची कुटुंबं माळावर आली तेव्हा तिथे निवडुंगाचं रान होतं, साप होते आणि पाण्याची वानवा होती. आधी झोपड्या, मग कारखान्याची शेड, मग विहीर आणि घरं असं एकेक उभं राहत गेलं. युरोप-अमेरिकेतल्या काही कारखानदारांनी कामगारांसाठी वसवलेल्या गावांविषयी लक्ष्मणरावांनी वाचलं होतं. तसं गाव इथे व्हावं, अशी त्यांची इच्छा होती. रस्ते आखून घेतले, झाडं लावली, निवडुंग काढून त्या जागी गुलाब फुलवले. शाळा, वाचनालय आणि टपालाची सोय झाली. राधाबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, या माळावरच्या संसारात पहिल्यापासून होत्या. पाण्याच्या टंचाईचा आणि सापांच्या भीतीचा भार आधी घरातल्या बाईवर येतो. आपल्याकडच्या चरित्रांत त्याला दोन ओळी मिळतात. माझ्याही लेखात जास्त जागा देता येत नाही, पण निदान नोंद असावी.

लक्ष्मणरावांनी माणसं जमवली ती प्रमाणपत्रं बघून नाही. शंभूराव जांभेकर, मंगेशराव रेगे, अनंतराव फळणीकर आणि के. के. कुलकर्णी ही त्यांच्या सुरुवातीच्या सहकाऱ्यांची नावं. त्यांनी हिशेब, यंत्रं, विक्री आणि वाडीच्या सोयी वाटून घेतल्या. शिक्षा भोगून आलेल्या माणसांवर त्यांनी वाडीच्या रात्रपहाऱ्याची जबाबदारी सोपवली. पोलिसी नोंदीत गुन्हेगार ठरलेल्यांच्या हाती गावाची राखण देणं त्या काळात धाडसाचं होतं. वाडीत अस्पृश्यता पाळायची नाही, हाही त्यांचा दंडक होता. गावोगावच्या पाणवठ्यांवर तेव्हा काय चाललं होतं ते आठवलं तर या दंडकाचं वजन कळतं.

पहिल्या महायुद्धात परदेशातून येणारं लोखंड आणि कोळसा यांचा पुरवठा आटला. मोडीचं लोखंड गोळा करून वितळवण्यावर भर द्यावा लागला. कोल्हापूर संस्थानातल्या जुन्या तोफा शाहू महाराजांनी ओतकामासाठी दिल्या आणि तोफांचे नांगर झाले. युद्धानंतर १९२० साली किर्लोस्कर ब्रदर्सची लिमिटेड कंपनी झाली. उसाचा चरक, शेंगा फोडण्याचं यंत्र, पाण्याचे पंप, इंजिनं असा माल वाढत गेला. चिरंजीव शंतनुराव अमेरिकेत एमआयटीतून अभियांत्रिकी शिकून १९२६ साली परतले. त्यानंतरचा विस्तार, म्हणजे हरिहरचा, बंगळूरचा आणि पुण्यात खडकीचा कारखाना, हा पुढच्या पिढीचा इतिहास आहे. तो इथे विस्ताराने सांगत नाही.

वाडीतून निघालेल्या एका वेगळ्या मालाचा उल्लेख मात्र करायलाच हवा. पुतणे शंकरराव किर्लोस्कर हे चित्रकार आणि जाहिरातीची जाण असलेले गृहस्थ. त्यांनी १९२० साली कारखान्याच्या गिऱ्हाइकांसाठी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केलं. त्याचंच पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झालं, १९३० साली ‘स्त्री’ आलं आणि १९३४ साली ‘मनोहर’. नांगर बनवणाऱ्या माळावरून महाराष्ट्रातल्या घराघरांत बायकांच्या शिक्षणाची, विवाहाची आणि स्वावलंबनाची चर्चा पोचत होती. आपल्यापैकी अनेकांच्या आजीच्या ट्रंकेत ‘स्त्री’चे अंक असतील. आजी ते का जपून ठेवत असे, हे आता विचारता येत नाही.

वाडीचं हे चित्र गोड करून संपवणं मला बरोबर वाटत नाही. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या झाली आणि त्यानंतर आपल्या भागात ब्राह्मणांच्या घरांची जाळपोळ झाली. त्यात किर्लोस्करवाडीच्या कारखान्यालाही आग लावली गेली आणि फार मोठं नुकसान झालं. लक्ष्मणराव तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. ज्या माळावर त्यांनी जातीची रेघ पुसायची ठरवलं, तिथे शेवटी त्यांच्या माणसांची ओळख जातीवरूनच केली गेली. आपल्याकडच्या कित्येक घरांत हा विषय आजही दबक्या आवाजात निघतो, आणि दोन्ही बाजूंची नातवंडं आपल्या वर्गात एका बाकावर बसत होती. मला त्यातून एवढंच दिसतं की एका कुंपणाच्या आत चांगले नियम केले तरी कुंपणाबाहेरचा प्रश्न सुटत नाही. शिवाय नोकरी, घर आणि शाळा एकाच मालकाकडून मिळणारं गाव कितीही प्रेमाने वसवलेलं असलं, तरी तिथल्या माणसाचं सगळं त्या एका हातावर अवलंबून राहतं. हेही मोकळेपणाने म्हणायला हवं. कारखाना पुन्हा उभा राहिला. बेळगावहून उठवलं तेव्हा जे झालं तेच पुन्हा झालं. मोजदाद करायची, जे वाचलं ते बाजूला काढायचं आणि काम सुरू करायचं.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी पुण्यात लक्ष्मणरावांचं निधन झालं. जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये, टपाल खात्याने त्यांचं तिकीट काढलं. कुंडल रोड हे स्टेशनाचं नाव तर कधीच मागे पडलं होतं. वाडीत आजही पंप बनतात.

लक्ष्मणराव मोठे झाले त्यात नशिबाचा वाटा होता, हे मान्य करू. खर्च उचलणारा थोरला भाऊ सगळ्यांना मिळत नाही, आणि जमिनीसह बिनव्याजी पैसे देणारा राजा तर त्याहून दुर्मिळ. पण आणखी एक गोष्ट त्यांना मिळाली होती, आणि ती देणं आपल्याही आवाक्यात आहे. कर्मशाळेचं दार सुटीतही त्यांच्यासाठी उघडं होतं. पाठांतरात मागे पडणारा, रंगही नीट न दिसणारा मुलगा तिथे हात काळे करत शिकला.

आपल्या शाळेत कार्यानुभवाची खोली आहे. आपल्या वेळी ती बहुधा कुलुपातच असायची, आणि तो तास गणिताला दिला जायचा. गुरुजनांना माझी विनंती आहे आणि तुकडीपुढे प्रस्ताव आहे. मेळाव्याच्या निधीतून काही शिल्लक राहिली तर तिच्यातून त्या खोलीत एक लेथ, एक वेल्डिंगचा संच आणि ड्रॉइंगचे चार पाट यावेत. दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुटीत ती खोली उघडी राहावी. पहिल्या सुटीत पंधरा दिवस येऊन मुलांना यंत्ररेखन शिकवायला मी तयार आहे. वेल्डिंग आणि मोटार दुरुस्ती जाणणारे आपल्या तुकडीत तिघे-चौघे तरी आहेत. त्यांनी मेळाव्याच्या दिवशी मला भेटावं.